जयंतीचे स्टेज आपल्या पोरांना द्या

फेब्रुवारी उजाडला की कात्रज, संतोषनगर, आंबेगाव, धनकवडी या भागातील वस्त्यांमध्ये जयंती मंडळांच्या बैठका सुरू होतात. विहारात सतरंजी अंथरली जाते. पावतीपुस्तके छापायला जातात. कमान कुठे उभारायची, मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, यावर तासन् तास चर्चा होते. कार्यक्रमाचा विषय सर्वांत शेवटी निघतो आणि पाच मिनिटांत मिटतो. ‘डीजे सांगून टाका,’ असे कुणीतरी म्हणतो आणि मंडळी उठतात. त्याच वस्तीत दोन गल्ल्या पलीकडे, दहा बाय बाराच्या खोलीत पेटी आणि ढोलकी घेऊन भीमगीतांची तालीम करणारी पोरे असतात. त्यांना या बैठकीचे बोलावणे नसते.

या पोरांना कार्यक्रम कसे मिळतात, ते कसे वाढतील आणि त्यात आपल्या समाजाची जबाबदारी कोणती, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

वारसा रस्त्यावरचा

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे या समाजाचे विचार सत्यशोधकी जलशांनी खेडोपाडी नेले. तमाशाची लोकप्रिय घडण घेऊन या जलशांनी गण-गौळणीच्या जागी विवेकाचे आणि समतेचे बोल ठेवले. हीच वाट पुढे आंबेडकरी जलशांनी धरली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी बाबासाहेबांची चळवळ गावोगाव गाऊन सांगत होते. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळ पोहोचली, ती या गाण्यांतून.

महाकवी वामनदादा कर्डक यांचे उदाहरण प्रत्येक होतकरू गायकाने डोळ्यांपुढे ठेवावे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि नंतर त्यांनी हजारो गीते रचली. १५ मे २००४ रोजी त्यांचे निर्वाण झाले, तोवर ते गावोगाव फिरून गातच होते. शाहीर विठ्ठल उमप यांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या ठिकाणीच देह ठेवला. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श अशा तीन पिढ्या एकाच घरात गायल्या. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गात होत्या. कुणीतरी मोबाइलवर टिपलेले त्यांचे गाणे महाराष्ट्रभर पोहोचले. यांतल्या कुणाचीही सुरुवात मोठ्या नाट्यगृहात झालेली नाही. वस्तीने ऐकले, म्हणून ते घडले.

दिनदर्शिका हेच आपले बुकिंग ऑफिस

नव्या पार्टीची पहिली तक्रार असते, की एप्रिल सोडला तर काम नाही. आम्ही म्हणतो, आपली दिनदर्शिका एकदा नीट उघडून पाहा. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, १४ जानेवारीला नामविस्तार दिन, ७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती, २० मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. मग ११ आणि १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, २७ मे रोजी रमाईंचा स्मृतिदिन, २६ जूनला शाहू महाराजांची जयंती. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात वर्षावास असतो. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती. पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ६ डिसेंबरचे अभिवादन. पुण्याला आणखी एक खास दिवस लाभला आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशीही गाण्याला जागा आहे.

याशिवाय मंगल परिणय, नामकरण, गृहप्रवेश आणि पुण्यानुमोदन हे घरगुती प्रसंग बारा महिने असतात. पहिले कार्यक्रम येथूनच मिळतात. रविवारच्या वंदनेनंतर विहारात दोन गीते म्हणावीत, तीही विनामूल्य. ऐकणाऱ्या मावशीच्या घरी पुढच्या महिन्यात नातवाचे नामकरण असते. तेथे आलेला पाहुणा दुसऱ्या मंडळाचा कार्यकर्ता निघतो. गाण्याचा निरोप असाच कानोकानी जातो. कार्डे छापण्याआधी वीस गीते पक्की बसवावीत, आणि कोणत्या प्रसंगी कोणती गायची याची वही ठेवावी. ६ डिसेंबरला ठेक्यावर नाचवणारे गीत आणि लग्नात शोकगीत गाणाऱ्या पार्टीला दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही.

सुपारीचा हिशेब

कार्यक्रम ठरला, म्हणजे ‘सुपारी’ आली. येथे आपली पोरे फसतात. समाजाचेच काम आहे, पैशाचे काय बोलायचे, या भिडेने ते तोंडी होकार देतात. कार्यक्रम झाल्यावर शाल आणि नारळ हाती पडतो, आणि परतीची रिक्षा स्वतःच्या खिशातून करावी लागते. म्हणून सुपारी कागदावर घ्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, किती तास गायचे, साऊंड कोणाचा, गाडी कोणाची, जेवण आहे का, हे सर्व लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. थोडा इसार आधी घ्यावा.

समजा, सुपारी बारा हजारांची ठरली आणि साऊंड मंडळाचा आहे. पेटी, ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड, दोन कोरस, एक निवेदक आणि मुख्य गायक असे आठ जण. गाडीला दोन हजार गेले. उरलेल्या दहा हजारांत प्रत्येकाला साडेबाराशे मिळतात. त्यात तालमीच्या चार संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीचा कामाचा खाडा धरा. ढोलकीवाला गवंड्याच्या हाताखाली जाणारा असेल, तर त्याची रोजी बुडालेली असते. ‘आपलीच पोरं आहेत, फुकट गातील,’ असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. मंडपवाल्याला आणि लाइटवाल्याला आपण जातभाई म्हणून फुकट राबवत नाही. मग गाणाऱ्यालाच का?

पार्टीनेही आपल्या घरात समता पाळावी. कार्यक्रमात श्रोते दहा-वीसच्या नोटा बक्षीस देतात. ते बक्षीस मुख्य गायकाच्या खिशात न जाता सर्वांत वाटले गेले पाहिजे. कोरसच्या पोराचाही घसा बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. गीतकाराचे नाव घेतल्याशिवाय गीत सुरू करू नका. आपल्या कवींनी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफलेले असते. वेळ कमी आहे म्हणून नेमके तेच कडवे गाळले जाते. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी गाळला, त्याने आपल्या कवीचे नाव गाळू नये.

रात्री दहाची वेळ

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालाने रात्रीची बंदी पक्की केली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्री बारापर्यंत सवलत देता येते. त्या वर्षीची यादी मंडळाने आधीच पाहून घ्यावी आणि हद्दीतील पोलीस ठाण्याची लेखी परवानगी हाती ठेवावी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. डीजेच्या भिंती ती केव्हाच ओलांडतात. गुन्हा नोंदला जातो तो मंडळाच्या पोरांवर, आणि नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत तो आडवा येतो. वस्तीत हृदयविकाराचे म्हातारे असतात, दहावीची पोरे असतात, तान्ही बाळे असतात. संध्याकाळी सहाला सुरू केलेली गीतांची मैफल साडेनऊला सुखाने संपते, आणि तीत शब्द ऐकू येतात. बाबासाहेबांचा विचार शब्दांतच आहे.

आम्ही डीजेवर नाचणाऱ्या तरुणांचा द्वेष करत नाही. त्यांचा आनंद खरा आहे आणि नवा बाजही वर्ज्य नाही. चेन्नईत २०१७ साली चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या संघाने तेथील वस्तीचे गाना संगीत, रॅप आणि रॉक एकत्र आणून जातीविरुद्ध गायले. पंजाबात गिन्नी माही बाबासाहेबांची गीते पंजाबी पॉपच्या ठेक्यावर गाते. आपल्या पोरांनीही गिटार घ्यावी, रॅप करावे. फक्त स्टेजवर जिवंत माणूस असावा आणि त्याच्या तोंडी विचार असावा.

आपल्या लेकी स्टेजवर

अनेक आया आम्हाला विचारतात, ‘पोरगी छान गाते हो, पण रात्री बारा वाजता परत कशी येणार?’ ही काळजी रास्त आहे. गाणाऱ्या मुलीला घरापासून नेणे आणि घरापर्यंत सोडणे ही मंडळाची जबाबदारी असावी आणि ती सुपारीच्या कागदावर लिहावी. स्टेजच्या मागे कपडे बदलायला बंद जागा आणि स्वच्छतागृह असावे. पहिल्या रांगेत वस्तीतल्या महिलांना बसवावे. स्टेजसमोर आया-बहिणी बसल्या, की मागचा गोंधळ आपोआप कमी होतो.

पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात गेले. आता कात्रजच्या वस्त्यांमधून गाणे शहरात जावे, पद्मावतीच्या अण्णाभाऊ साठे सभागृहात आणि तेथून बालगंधर्वमध्येही घुमावे, असे आम्हाला वाटते. त्यासाठी प्रत्येक मंडळाने येत्या बैठकीत तीन ठराव करावेत. कार्यक्रमाचा विषय पहिला घ्यावा. जमलेल्या वर्गणीचा ठरावीक हिस्सा स्थानिक गायन पार्टीसाठी राखून ठेवावा. आणि दर पौर्णिमेला विहारात नव्या गायकाला अर्धा तास द्यावा. एवढे केले, तर पुढच्या जयंतीला बाहेरून कुणाला बोलवावे लागणार नाही. गायक आपल्याच गल्लीत सापडेल.

जयभीम! नमो बुद्धाय!