बेड्या आणि बोली (भाग ६) : विवेकवर्धिनीतली हुर्यो

तेलुगू कवी दाशरथी यांची निजामाबादच्या तुरुंगातली भिंत आजच्या भागात येणार होती. ती पुढे ढकलतो. अणदूरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. ते विचारतात, "निजामानं आपल्या मराठीचीही गळचेपी केली. मग तुळजापुरात बसून तुम्ही तेलुगू कवींचं एवढं काय लावलंय?"

प्रश्न रागानं विचारलेला असला तरी रास्त आहे. हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल उर्दू आणि कन्नड. कचेरी मात्र उर्दूची, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या घरात सातबाऱ्याच्या आधीचे कागद काढा, ते वाचायला आजही जाणकार शोधावा लागतो. सभा घ्यायची तर सरकारी परवानगी हवी, खाजगी शाळा काढायची तरी हवीच. हे सगळं आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसलं. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरच्या बाजूनं भारतीय फौज आली, तेव्हा तुळजापुरात हैदराबादी पलटण आणि सुमारे दोनशे रझाकार तास-दोन तास लढले आणि मग शरण आले. आपल्या दुःखाची ही बाजू आपल्याला पाठ आहे.

दुसरी बाजू आपण फारशी सांगत नाही.

नोव्हेंबर १९२१. हैदराबादेत संस्थानातल्या समाजसुधारकांची परिषद भरली होती. जागा विवेकवर्धिनीचं थिएटर. विवेकवर्धिनी म्हणजे तिथल्या मराठी मंडळींनी १९०७ साली उभी केलेली शाळा, आपल्या अभिमानाची संस्था. अध्यक्ष कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजीत भाषणं झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग अल्लमपल्ली व्यंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभेनं त्यांची हुर्यो उडवली. हुर्यो उडवणाऱ्यांत उर्दू बोलणारे होते आणि मराठी बोलणारेही होते.

ज्यांच्या भाषेला कचेरीच्या दारात उभं राहू देत नव्हते, त्यांनीच आपल्या मांडवात दुसऱ्याच्या भाषेला उभं राहू दिलं नाही. आणि तीही संस्थानातल्या सर्वांत जास्त लोकांची भाषा! हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हापासून मला तो विसरता आलेला नाही. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यावर लिहिताना तो वगळून चालणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुखावलेली तेलुगू मंडळी लगोलग एकत्र जमली आणि आंध्र जनसंघम् स्थापन झालं. माडपाटी हनुमंतराव त्यातले कर्ते पुरुष. त्यातूनच १९३० साली जोगीपेटेत आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष सुरवरम प्रतापरेड्डी. तेलंगणात तेलुगू कवी आहेतच कुठे, असं कुणीसं हिणवलं, तेव्हा याच प्रतापरेड्डींनी गावोगावच्या कवींच्या रचना गोळा केल्या आणि १९३४ साली ३५४ कवींचा संग्रह छापून पुढ्यात ठेवला. मला हे उत्तर फार आवडतं. आपली महाराष्ट्र परिषद परतूरला भरली ती १९३७ साली. म्हणजे संघटनेचा धडा त्यांनी आपल्याआधी गिरवला, आणि तो गिरवायला लावण्यात आपल्या हुर्योचा वाटा होता.

आता अणदूरकरांच्या प्रश्नाकडे. विवेकवर्धिनीत ही हुर्यो उडाली, तेव्हा तेलुगू कवी काळोजी नारायणराव सात वर्षांचे होते. जन्म ९ सप्टेंबर १९१४, कर्नाटकातल्या रट्टीहळ्ळीचा. वडील रंगाराव मराठी, आई रमाबाई कन्नड. आई लहानपणीच गेली. थोरले भाऊ रामेश्वरराव यांनी त्यांना वाढवलं, आणि हे भाऊ स्वतः उर्दूत शायरी करत. घर वरंगळजवळच्या मडिकोंड्यात. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, चारही भाषा या मुलाच्या कानावर होत्या. कविता लिहायला त्यानं भोवतालच्या माणसांची तेलुगू घेतली, तीही पुस्तकातली नव्हे, शेतावरची आणि बाजारातली. मराठी बापाच्या मुलानं १९२१ ची आपल्या लोकांची चूक फेडली असं मी म्हणतो. काळोजींनी स्वतः तसं कधी मानलं असेल असा माझा दावा नाही.

निजामानं त्यांना तुरुंगात घातलं, वरंगळ शहरातून हद्दपार केलं. पण माणूस कसा होता हे कळतं १९४४ च्या प्रसंगावरून. वरंगळच्या किल्ल्यात आंध्र सारस्वत परिषदेचं अधिवेशन होतं. विरोधकांनी मांडवच पेटवून दिला. कविसंमेलन याच जागेवर होणार, असा काळोजींनी हट्ट धरला आणि जळक्या मांडवाच्या जागी ते झालं. तिथं कविता म्हणणाऱ्यांत अठरा-एकोणीस वर्षांचे दाशरथीही होते.

निजाम गेला म्हणून काळोजी गप्प बसले नाहीत. आणीबाणी संपल्यावर सत्तुपल्लीतून थेट मुख्यमंत्री जलगम वेंगळराव यांच्याविरुद्ध त्यांनी निवडणूक लढवली. पडले. १९९२ साली पद्मविभूषण मिळालं, १३ नोव्हेंबर २००२ ला ते गेले, देह वरंगळच्या काकतीय वैद्यकीय महाविद्यालयाला दिला होता. त्यांचा जन्मदिवस आज तेलंगण भाषा दिन म्हणून पाळतात. मराठी बापाच्या मुलाचा वाढदिवस हा तेलुगू बोलीचा सण झाला आहे, आणि आपल्याकडे त्यांचं नावही ठाऊक नाही. अणदूरकर, माझं उत्तर हेच आहे.

शिवाय तुळजापुरात तेलुगू परकी कधी होती? नवरात्रात देवीच्या दारात तेलंगणातून आलेल्या भाविकांची आणि सोलापूरच्या पद्मशाली कुटुंबांची बोली ऐका. कोजागरीला कर्नाटकातून पायी येणाऱ्यांची कन्नड ऐका. आई भवानीनं कुणाला भाषा विचारून परत पाठवलेलं नाही.

आता दाशरथी. तुरुंगात कागद नव्हता, कोळसा होता. पहारेकरी भिंत पुसत आणि ते पुन्हा लिहीत. सोबत वट्टिकोट आळवारस्वामी होते. याच दाशरथींनी पुढं गालिबच्या गझला तेलुगूत नेल्या, निजामाच्या कचेरीची तीच उर्दू मनापासून शिकून. त्याबद्दल मला बरंच सांगायचं आहे. पुढच्या आठवड्यात नक्की.