रुपया घसरतो, तेव्हा घरात काय घसरते?

१ जुलै १९९१ रोजी रिझर्व्ह बँकेने रुपयाचे अवमूल्यन केले आणि मध्ये एकच दिवस सोडून, ३ जुलैला, पुन्हा केले. एकवीस रुपयांना मिळणारा डॉलर तीन दिवसांत सव्वीसच्या घरात गेला. त्याच महिन्यात देशाचे सुमारे ४७ टन सोने परदेशी रवाना झाले. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे ते गहाण ठेवून सुमारे चाळीस कोटी डॉलर उभे करण्यात आले. अर्थशास्त्रातले ओ की ठो न कळणाऱ्यालाही सोने गहाण टाकण्याचा अर्थ कळतो. अडीनडीला पाटल्या-बांगड्या तारण ठेवलेल्या घरांना तर तो फारच चांगला कळतो.

ही पाळी का आली? ऐंशीच्या दशकात सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा वाढत गेला आणि तो कर्जावर भागत राहिला. त्यात ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतचा घास घेतला. तेल भडकले. लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले आणि ते घरी पाठवत असलेले पैसेही थांबले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. परकीय चलनाची गंगाजळी आटून जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली.

आता कुणी म्हणेल, आमच्या डब्यात डॉलर कुठे असतो? तो असतो, पण दिसत नाही. समजा, तेलाचे पिंप वीस डॉलरचे आहे. डॉलर एकवीसचा असताना त्याला ४२० रुपये पडत होते. सव्वीसचा झाल्यावर ५२० पडणार. तेल तेवढेच, पिंपही तेच, शंभर रुपये मात्र वाढले. हे शंभर रुपये मग ट्रकच्या भाड्यातून भाजीत, धान्यात, साबणाच्या वडीत वाटले जातात. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी पेट्रोल आणि घरगुती गॅस वीस टक्क्यांनी महाग केला, साखरेवरचे अनुदान काढले, खतांचे भाव वाढवले. ऑगस्टमध्ये महागाईचा दर जवळपास १७ टक्क्यांवर पोचला.

महागाई एकटी आली असती तर माणसाने चार तास जास्त काम करून ती झेलली असती. पण तिच्याबरोबर मंदी आली होती. डॉलर वाचवण्यासाठी आयातीवर जबर निर्बंध होते. अनेक वस्तू मागवायच्या तर किमतीच्या दुप्पट रोख रक्कम आधी बँकेत अडकवावी लागे. मी तेव्हा बँकेत नोकरीला होतो. सुट्या भागांवाचून यंत्र बंद आहे, असे सांगत येणारे लहान कारखानदार काउंटरपलीकडे रोज दिसत. १९९१-९२ मध्ये औद्योगिक उत्पादनाची वाढ एक टक्काही झाली नाही. कामगाराच्या घरी त्याचा अर्थ एवढाच, की ओव्हरटाइम बंद आणि बोनसची शाश्वती नाही. भाव चढत होते आणि मिळकत जागच्या जागी होती. या दोहोंमधली फट कोण बुजवते? घरातली बाई. दुधाची एक पिशवी कमी होते, दिवाळीची साडी पुढच्या वर्षावर जाते, आंबे पेटीऐवजी डझनावर येतात. अर्थतज्ज्ञ याला ‘मागणी घटली’ असे म्हणतात.

पण सर्वांत मुकाट मार बसतो तो ठेवीदाराला. निवृत्त माणसाने फंडाचे एक लाख रुपये बारा टक्क्यांनी ठेवले असे धरू. वर्षअखेरीस हाती आले १,१२,०००. त्या वर्षी घाऊक भाव सरासरी १३.७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे लाखाच्या वस्तू १,१३,७०० च्या झाल्या. पासबुकात बारा हजारांची भर आणि प्रत्यक्षात सतराशेंची तूट! व्याज वाढले म्हणून समाधानाने घरी जाणारे कितीतरी वृद्ध मी पाहिले आहेत. त्यांचा पैसा चोरीला गेला नव्हता, बुडालाही नव्हता. तो नुसता झिजला होता. झिजलेले नाणे हाताला तरी कळते, झिजलेली ठेव कळत नाही.

देश त्यातून सावरला, हेही सांगितले पाहिजे. कर्ज फिटले, सोने सुटले. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले आणि २०२३-२४ मध्ये इंग्लंडात ठेवलेले सुमारे शंभर टन मायदेशी आणले. दुसरीकडे, २०२२ मध्ये डॉलरने ऐंशी रुपये ओलांडले, तरी १९९१ सारखी तारांबळ उडाली नाही, कारण गंगाजळी भरलेली होती. रुपया हळूहळू उतरणे ही एक गोष्ट. हाती काहीच नसताना तो कोसळणे ही निराळी.

घरालाही हाच न्याय लागू आहे. रुपयाचा भाव ठरवणे आपल्या हाती नाही. मात्र काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणे, कर्जाचा हप्ता मिळकतीच्या आवाक्यात ठेवणे आणि व्याजाचा आकडा वाचताना शेजारी महागाईचा आकडा मांडणे, एवढे नक्की आहे. डॉलर किती झाला, हे वर्तमानपत्र रोज सांगते. आपला रुपया किती उरला, हे मात्र वाण्याच्या यादीवरच ताडून पाहावे लागते.