फोटोग्राफरला भेट काय द्यावी?

घरात कुणाला फोटोग्राफीचा नाद असला की वाढदिवसाला, दिवाळीला त्याला ‘कॅमेऱ्याचं काहीतरी’ द्यावं असं सगळ्यांनाच वाटतं. दुकानात गेल्यावर मात्र काचेमागच्या वस्तू आणि त्यांच्या किमती पाहून गोंधळ उडतो. शेवटी एक बॅग किंवा स्वस्तातला ट्रायपॉड घेऊन माणूस बाहेर पडतो. बॅगा त्याच्याकडे आधीच दोन असतात आणि त्या ट्रायपॉडवर जड लेन्स लावली की तो मान टाकतो. देणाऱ्याच्या मनात काही कमी नसतं, पण निवडीची सुरुवात उलट्या टोकाकडून झालेली असते. हा माणूस फोटो कशाचे काढतो, कुठे काढतो आणि तिथे त्याचं कशावाचून अडतं, एवढं आधी कळलं की दुकानातला निम्मा माल आपोआप बाद होतो.

हे त्याला न विचारताही कळू शकतं. त्याने काढलेल्या फोटोची मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली चालणार नाही, कारण त्यात हवी ती माहिती उरलेली नसते. कॉम्प्युटरवर त्या फाइलच्या प्रॉपर्टीज उघडल्या की कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्सची फोकल लेंग्थ, शटर स्पीड, आयएसओ असं सगळं दिसतं. असे पंधरा-वीस फोटो पाहा. पक्ष्यांचे बहुतेक फोटो त्याच्या झूमच्या शेवटच्या टोकावर काढलेले असतील, तर त्याला लांबचं टिपणारी लेन्स हवी आहे. घरातल्या कार्यक्रमांच्या फोटोंत आयएसओ ६४०० आणि शटर १/१५ सेकंद असं दिसत असेल, तर त्याला प्रकाश पुरत नाही.

दुसऱ्या माणसासाठी एक सोपा आणि परवडणारा उपाय आहे. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर साधारण एफ ५.६ एवढीच उघडते. एफ १.८ ची लेन्स तिच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. म्हणूनच ५० मिमी एफ १.८ ही लेन्स भेट म्हणून इतकी सुचवली जाते. पण इथे एक गोष्ट बघून घ्या. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा असेल, तर निकॉन, सोनी आणि फुजीवर ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिमीसारखी दिसते आणि कॅननवर ८० मिमीसारखी. एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटसाठी ते उत्तम. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बारशाचे फोटो काढायचे असतील, तर मात्र पाठ भिंतीला टेकते तरी माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. अशा घरासाठी ३५ मिमी घ्यावी.

लेन्स घ्यायची म्हटली की माउंटचा प्रश्न येतो आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे अडकते ती धातूची कडी. कॅननच्या डीएसएलआरला १९८७ मध्ये आलेला ईएफ माउंट आहे आणि २०१८ पासूनच्या आर मालिकेतल्या मिररलेस कॅमेऱ्यांना आरएफ. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, झेड २०१८ चा. सोनीच्या मिररलेसला ई, फुजीला एक्स. ‘कॅननची लेन्स द्या’ एवढं सांगून चालत नाही ते यामुळेच.

जुनी लेन्स नव्या बॉडीवर अडॅप्टर लावून चालते, पण नवी लेन्स जुन्या बॉडीवर चालत नाही. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो, त्यामुळे तिथे जागा सोडावी लागते. ईएफमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी आहे. आरसा काढून टाकल्यावर आरएफमध्ये ते २० मिमीवर आलं. मधला २४ मिमीचा फरक अडॅप्टरने भरून निघतो. उलट दिशेने आरएफ लेन्सला सेन्सरच्या जितकं जवळ जायचं असतं, तितकी जागाच जुन्या बॉडीत नसते. त्यामुळे महागडी लेन्स गुपचूप आणून चकित करण्याचा बेत असेल, तर आधी मॉडेल नंबर नीट टिपून घ्या. खात्री नसेल, तर त्यालाच दुकानात घेऊन जा. पन्नास हजारांच्या वस्तूपेक्षा ती गंमत मोठी नाही.

आता जंगलात जाणारा माणूस घ्या. ताडोब्याच्या जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते. दोन किलोच्या आसपास वजनाची टेलिफोटो लेन्स तासन् तास हातात धरून खांदे भरून येतात आणि वाघ दिसतो तेव्हाच हात हलतो. तिथे लागते बीन बॅग, म्हणजे जाड कापडाची, चेन असलेली साधी पिशवी. गाडीच्या दांडीवर ती ठेवायची आणि तिच्यावर लेन्स दाबून बसवायची. प्रवासात ती रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर तांदूळ किंवा डाळ भरावी. विकत घ्या किंवा शिंप्याकडून शिवून घ्या, फक्त शिवण दुहेरी हवी आणि चेन मजबूत. जंगलात जाणाऱ्यासाठी हजार रुपयांत याहून उपयोगी वस्तू मला माहीत नाही. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याची गरज वेगळी. तो होडीत पाण्याला लागून बसलेला असतो, म्हणून त्याला तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी द्या.

कासच्या पठारावरची इवलीशी फुलं किंवा आंबोलीतले बेडूक टिपणाऱ्याला मॅक्रो लेन्स हवी असते आणि ती महाग असते. तिच्या आधीची पायरी म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब. या नळीत काच नसते. ती लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसते, लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि त्यामुळे लेन्सला आणखी जवळचं दिसू लागतं. ५० मिमी लेन्समागे २५ मिमीची नळी लावली, तर वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या निम्म्या आकाराची पडते. म्हणजे दोन सेंटिमीटरचं फूल सेन्सरवर एक सेंटिमीटरचं. नळी घेताना आतले सोनेरी विद्युत संपर्कबिंदू आहेत ना, ते पाहा. ते नसले तर आजच्या बहुतेक लेन्सचं अॅपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही आणि मॅक्रोत तर तेच सतत बदलावं लागतं. रात्री बेडकांमागे जाणाऱ्याला हेडलॅम्प आणि फ्लॅशवर लावायचा डिफ्यूजर द्या. आणि फोटोसाठी बेडूक हातात धरू नये, फुलांवर आडवं पडू नये, हेही प्रेमाने सांगा.

सह्याद्रीत भटकणाऱ्यासाठी पोलरायझर. निळं आकाश गडद करणारा फिल्टर अशी त्याची ओळख आहे, पण त्याचं खरं काम आपल्याकडे पावसाळ्यात दिसतं. ओल्या पानांवर आणि कातळावर आभाळाची पांढरी चकाकी असते आणि तिच्याखाली रंग झाकला जातो. पोलरायझरची कडी फिरवत गेलं की पानांवरची ती चकाकी विरते आणि आतला हिरवा वर येतो. ओल्या झाडीसमोर उभं राहून एकदा ती कडी फिरवून बघाच. हा परिणाम नंतर कॉम्प्युटरवर आणता येत नाही, कारण चकाकीखालचा तपशील सेन्सरपर्यंत पोहोचलेलाच नसतो. धबधब्याचं पाणी रेशमासारखं दाखवायचं असेल, तर एनडी फिल्टर लागतो. दहा स्टॉपचा एनडी प्रकाश सुमारे हजार पटीने कमी करतो, म्हणजे १/३० सेकंदाचं एक्स्पोजर चौतीस सेकंदांवर जातं. त्याच्यासोबत ट्रायपॉड हवाच.

फिल्टरचा आकार लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. गोलाला तिरकी रेघ असलेल्या चिन्हापुढे ५२, ५८, ६७, ७७ असा आकडा असतो, तोच फिल्टरचा मिमीमधला व्यास. त्याच्याकडे तीन लेन्स असतील तर सगळ्यात मोठ्या व्यासाचा एकच फिल्टर घ्या आणि बाकीच्यांसाठी शंभर-दोनशे रुपयांच्या स्टेप-अप रिंगा.

पण मला एकच वस्तू निवडायला सांगितली, तर मी यातलं काहीच निवडणार नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात राहणाऱ्या, निदान कोकणपट्टीतल्या प्रत्येक फोटोग्राफरला मी कोरडा डबा देईन. जुलैमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. त्यांना अंधार, दमटपणा आणि न हलणारी हवा मिळाली की ते लेन्सच्या आत काचेवर रुजतात. कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेत हे तिन्ही मिळतं. वर बॅगेचं फोम आणि कापड ओल धरून ठेवतं. काही महिन्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. लवकर लक्षात आलं तर लेन्स उघडून साफ करता येते. उशीर झाला की बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवरचं कोटिंग कोरतं आणि तो डाग कायमचा राहतो.

हे पाहायचं कसं? लेन्स बॉडीवरून काढा, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. धुळीचे दोन-चार कण प्रत्येक लेन्समध्ये असतात, त्यांची काळजी नको. फांद्या फुटल्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले, तर ती बुरशी. जुनी लेन्स विकत घेताना ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोरडा डबा घरी करता येतो. झाकणाला रबराची कडा असलेला हवाबंद प्लास्टिकचा मोठा डबा, आर्द्रता दाखवणारं छोटं हायग्रोमीटर आणि पाव ते अर्धा किलो सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. ३० च्या खालीही जाऊ देऊ नये, फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण खराब होतं. जेल केशरी रंगाचं घ्या. ते ओल पिऊन हिरवं झालं की सुमारे ११० अंशांवर दोनेक तास तापवायचं, मग पुन्हा कामाला तयार. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळा. आणि कुठलंही जेल तापवायला स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर असेल, तर कॅमेरा तिथून आधी हलवा, त्यांची वाफ काचेला आणि इलेक्ट्रॉनिक भागांना घातक असते. खर्च करायची तयारी असेल, तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट मिळतं. त्यात ४५ वर काटा ठेवला की विसरून जाता येतं.

वारीत किंवा पावसाळी ट्रेकवर फोटो काढणाऱ्याला बाह्यांचं रेन कव्हर आणि रबरी ब्लोअर द्या. तोंडाने फुंकर मारली की लेन्सवर थुंकीचे कण बसतात.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकाला कॅमेरा किंवा लेन्स देण्याच्या फंदात पडू नये. त्याचं सगळं ठरलेलं असतं. त्याला संपणाऱ्या, झिजणाऱ्या गोष्टी लागतात. फ्लॅशसाठी पुन्हा चार्ज होणारे चांगले एए सेल आठ घ्या, कारण बहुतेक फ्लॅशमध्ये चार लागतात आणि चार खिशात हवेत. मेमरी कार्ड घेताना मोठ्या अक्षरातल्या वेगाकडे पाहू नका, तो बहुधा वाचण्याचा वेग असतो. इंग्रजी व्ही अक्षरापुढचा आकडा पाहा. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. फोर-के व्हिडिओसाठी बहुतेकांना ते पुरतं. कार्ड अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बाजारात नकली कार्डं खूप आहेत आणि लग्न काही दुसऱ्यांदा लागत नाही.

लहान मुलांना फोटो लगेच छापून देणारा इन्स्टॅक्स कॅमेरा आवडतो. मिनी, स्क्वेअर आणि वाइड या तिघांची फिल्म एकमेकांत चालत नाही आणि एका पाकिटात दहाच फोटो असतात, म्हणून कॅमेऱ्याबरोबर निदान दोन पाकिटं द्या. मोबाइलवर मन लावून फोटो काढणाऱ्याला छोटा ट्रायपॉड आणि ब्लूटूथ रिमोट पुरे. घरातल्या आजीला फोटो मोबाइलवर पाठवू नका, छापून द्या. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा १२ बाय १८ इंची प्रिंट अगदी स्वच्छ येतो.

परदेशात राहणाऱ्यांनी येताना ड्रोन आणू नये. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि तो विमानतळावरच अडकेल. कॅमेरा आणायचा असेल, तर त्याची वॉरंटी भारतात लागू आहे का, हे तिथल्या दुकानातच विचारा. जादा बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेत ठेवा. आणि कुठेही, काहीही घेतलं तरी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि ते बिल भेटीसोबतच द्या. वॉरंटीसाठी उद्या ते त्यालाच लागणार आहे.