टाकीतले मांस आणि ताटातली जात

प्राण्याला न मारता मांस तयार करणे ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी गाईच्या पेशींपासून वाढवलेल्या मांसाची वडी लंडनमध्ये लोकांसमोर शिजवून दाखवली. त्या एका वडीला सुमारे अडीच लाख युरो खर्च आला होता. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेने असे कोंबडीचे मांस विकायला परवानगी दिली. पृथ्वीला वाचवणारे अहिंसक अन्न म्हणून त्याचा गौरव चालू आहे. हा गौरव आपण तपासून घेतला पाहिजे.

आधी कृती समजून घेऊ. जिवंत जनावराच्या स्नायूतून थोड्या पेशी काढतात. पोलादी टाकीत, शरीराइतक्या उबेत, साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि प्रथिनांचे घटक असलेल्या द्रवात त्या वाढवतात. सुरुवातीला या द्रवात गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्तातला द्रव घालत असत. म्हणजे अहिंसेच्या पोटातही हिंसा होतीच! पुढे काही कंपन्यांनी त्याला पर्याय शोधले.

पर्यावरणाचा मुद्दा खोटा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालाने मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के वाटा पशुपालनाचा धरला होता. पण टाकी उबदार ठेवायला वीज लागते. आपल्या देशात बहुतांश वीज कोळशावर तयार होते. तेव्हा टाकीतले मांस किती स्वच्छ, हे वीज कुठून येते त्यावर ठरेल.

लोकांच्या प्रतिक्रिया पाहा. इटलीने २०२३ मध्ये आपली खाद्यपरंपरा आणि शेतकरी यांचे नाव घेऊन त्यावर बंदी घातली. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०२४ मध्ये. तिथे ‘हे नैसर्गिक नाही’ अशी शिसारी आहे. आपल्याकडची शिसारी निराळी. मी वर्गात हा विषय काढला तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, ते कापलेलंच नाही, मग आमच्या घरी चालेल का?” मागच्या बाकावरून उत्तर आले, “तुझ्या घरी चाललं की ते पवित्र होईल. आमचं तसंच राहील.” वर्ग हसला. पण त्या उत्तरात वर्णव्यवस्थेचे सारे शास्त्र आले.

माझ्या आजीच्या घरी चान्या दोरीवर वाळत. रक्ती, वजडी, हाडे, काहीच वाया जात नसे. आज ‘शाश्वत जीवनशैली’ म्हणून जे शिकवले जाते, त्यातले पुष्कळ आमच्या वस्तीत होते. त्याला प्रतिष्ठा मात्र नव्हती. तरी त्याचे उदात्तीकरणही नको. मेलेल्या जनावराचे मांस खाणे ही पर्यावरणनिष्ठा नव्हती. ती लादलेली लाचारी होती. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ते सोडायला सांगितले. लाचारी आणि निवड यांतला फरक विसरून शाश्वततेची चर्चा होऊ शकत नाही.

निवडीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने असलेली गोहत्याबंदी २०१५ मध्ये बैल आणि वळूंनाही लागू झाली. परराज्यातून आणलेले गोमांस बाळगण्यावरची बंदी उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली; कत्तलबंदी राहिली. गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन गेले, खाटकाचा धंदा गेला. ज्यांनी ते काढून घेतले त्यांच्याच बाजारातून उद्या महागडे ‘अहिंसक’ मांस आले, तर त्याला न्याय म्हणायचे काय?

शेवटी मालकीचा प्रश्न. भूमिहीन बाई दारात दोन शेळ्या बांधते. ती तिची बँक असते. पोराच्या फीला, आजारपणाला एक शेळी विकता येते. टाकी दारात बांधता येत नाही. तिची कृती पेटंटात आणि नफा कंपनीत राहतो.

विज्ञानाला विरोध करणे हा आपला मार्ग नव्हे. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये अशा मांसाचे संशोधन हाती घेतले, याचे स्वागतच केले पाहिजे. कारण सार्वजनिक पैशातून झालेल्या ज्ञानावर सर्वांचा हक्क सांगता येतो. तो आपण सांगितला पाहिजे. मात्र नव्या मांसाला शुद्धतेचे सोवळे नेसवून जुने मांस खाणाऱ्याला पुन्हा हीन ठरवले जाणार असेल, तर टाकी नवी आणि विटाळ जुनाच राहील.