बॅगेवरची चिठ्ठी आणि संगणकातील नावे

अंधेरीजवळच्या सहार विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाची बॅग कधी नीट पाहिली आहे का? तिच्या मुठीला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर ठळक ठशात तीन रोमन अक्षरे असतात : बी, ओ, एम. ही अक्षरे 'बॉम्बे'वरून घेतलेली. शहराचे नाव १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले, पण पट्टीवरचे 'बीओएम' तसेच राहिले. कारण ती अक्षरे मुंबईकरांसाठी नसतातच. ती लंडनच्या किंवा दुबईच्या विमानतळावरील यंत्रासाठी असतात. घरातले नाव वेगळे, बाहेरच्यांशी ठरलेली खूण वेगळी.

संगणकाच्या कार्यक्रमातही हीच गोष्ट असते. समजा, मुलुंडच्या एका शाळेने विद्यार्थ्यांचे गुण घाटकोपरच्या कार्यालयातील संगणकाकडे पाठवायचे आहेत. कार्यक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद म्हणजे एक 'ऑब्जेक्ट', आणि नाव, इयत्ता, गुण हे तिचे घटक. पाठवताना या नोंदीच्या जोड्या कराव्या लागतात :

नाव : सुमती
इयत्ता : ९
गुण : ७२

डावीकडची ती किल्ली, उजवीकडचे ते मूल्य. आता किल्लीचे नाव ठरवतो कोण? तुम्ही काहीच सांगितले नाही, तर जावा भाषेतील 'जीसॉन' हे साधन घटकाचेच नाव उचलून किल्ली बनवते. सोय मोठी, पण धोका तिथेच आहे.

पुढे विज्ञानाचेही गुण ठेवायचे ठरते. म्हणून कोणी नीटनेटका माणूस 'गुण' या घटकाचे नाव 'गणितगुण' करतो. मुलुंडला सारे सुरळीत चालते. घाटकोपरचा संगणक मात्र 'गुण' शोधत राहतो. ती किल्ली त्याला सापडत नाही, अनोळखी 'गणितगुण' तो सोडून देतो, आणि संख्येच्या जागी आरंभीचे शून्य तसेच राहते. सुमतीला गणितात शून्य! तक्रार नाही, सूचना नाही. कार्यक्रम धाडकन बंद पडला असता तर बरे, असे मला वाटते. निदान कळले तरी असते.

यावर उपाय म्हणजे घटकाच्या डोक्यावर लावायची चिठ्ठी, म्हणजेच 'ॲनोटेशन'. जावामध्ये ही सोय २००४ साली आली. चिठ्ठीत लिहायचे : 'बाहेर हिचे नाव गुण'. मग आत नाव काहीही ठेवा, किल्ली हलत नाही. जीसॉनमध्ये या चिठ्ठीला 'सीरियलाइज्डनेम' म्हणतात, 'जॅक्सन' या दुसऱ्या साधनात 'जेसनप्रॉपर्टी'. नोंद परत वाचतानाही हीच चिठ्ठी कामी येते. मोबाइलच्या कार्यक्रमांत तर ती फारच हवी. तिथे आकार लहान करण्यासाठी घटकांची नावे पुष्कळदा ए, बी, सी अशी आखडतात, आणि चिठ्ठी नसेल तर किल्ल्याही तशाच होतात!

पण बाहेरची खूणच बदलायची असेल तर? २०१७ मध्ये रेल्वेने तसे केले. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात 'महाराज' शब्द आला आणि स्थानकाचा कोड 'सीएसटीएम'चा 'सीएसएमटी' झाला. अशा वेळी कार्यक्रमात उपनावाची आणखी एक सोय वापरतात : लिहिताना नवी किल्ली, वाचताना जुनी व नवी दोन्ही चालतात. हे उपनाव लगेच काढू नये. तीन वर्षांपूर्वी साठवलेल्या नोंदी कपाटात जुन्याच किल्लीने पडून असतात.