गुळवेल घेण्याआधी ती गुळवेलच आहे ना?

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन हे गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे ते देशभर माहीत आहे. या भागात धुऱ्यावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर किंवा कुंपणावर गुळवेल चढलेली दिसते. हृदयाच्या आकाराची पाने, बोटभर जाडीचे खोड आणि फांद्यांवरून सुतळीसारखी खाली लोंबणारी मुळे. ही वेल तोडून टाकली तरी वरचा तुकडा मरत नाही. तो हवेतून मुळे सोडतो आणि जमीन गाठतो. म्हणूनच संस्कृतात तिला 'छिन्नरुहा', म्हणजे तोडली तरी उगवणारी, असे नाव आहे.

करोनाच्या काळात हीच वेल 'गिलोय' या हिंदी नावाने घराघरांत पोहोचली. कोणी काढा केला, कोणी रस घेतला, कोणी बाजारातील गोळ्या सुरू केल्या. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांना सहा रुग्ण असे आढळले, की ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि ज्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात ही माहिती प्रसिद्ध झाली. त्यावर जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, हे डॉक्टरांनी तपासलेच नाही. ती 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया' म्हणजे खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

वाद औषधाचा होता, पण तो येऊन थांबला वनस्पतीच्या ओळखीवर. रुग्णाने काय खाल्ले हेच नक्की नसेल, तर ते गुणकारी होते की घातक, याचे उत्तर मिळणार कसे?

वेलींची ओळख पटवणे मुळातच अवघड असते. झाडावर चढण्याची पद्धत पाहून नाते ठरवता येत नाही. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या हालचालींवर सविस्तर लेखन केले. काही वेली आधाराभोवती पीळ घेतात, काही तणाव्यांनी पकडतात, काही काट्यांनी अडकतात, तर काही मुळांनी चिकटतात, अशी विभागणी त्याने मांडली. ही विभागणी सवयींची आहे, कुळांची नाही. पळसवेल, मालकांगोणी आणि गुळवेल या तिन्ही आधाराला पीळ घालणाऱ्या वेली, पण तिघींची कुळे वेगळी. पळसवेल तर तूर-हरभऱ्याच्या कुळातली!

कूळ ठरते फूल, फळ आणि बियांवरून. गुळवेलीच्या कुळाचे नाव 'मेनिस्पर्मेसी'. ग्रीक भाषेतील चंद्र आणि बी या दोन शब्दांपासून ते बनले आहे, कारण या कुळातील बिया बहुधा चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या असतात. आपल्याकडची वासनवेल आणि पहाडवेल याच कुळातल्या. मासे गुंगवण्यासाठी वापरली जाणारी विषारी काकमारीही याच कुळातली. दक्षिण अमेरिकेत बाणांना लावले जाणारे 'क्युरारे' हे विषही या कुळातील वेलींपासून बनवत. त्यातूनच पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे औषध मिळाले. औषध आणि विष एकाच कुळात शेजारी नांदतात, ते असे.

अडचण अशी, की या कुळातील फुले अगदी बारीक असतात. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात, तीही अनेकदा उंच झाडाच्या शेंड्यावर. त्यामुळे अभ्यासकाच्या हाती बहुतेक वेळा नुसती पाने लागतात. जर्मन शास्त्रज्ञ विल्डेनो यांनी १८०६ मध्ये या वेलीला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा तिची गणना वेगळ्या प्रजातीगटात होती. 'टिनोस्पोरा' हा गट १८५१ मध्ये मायर्स यांनी वेगळा केला आणि त्यानंतर गुळवेल त्यात आली. आशियातील या संपूर्ण गटाची नव्याने छाननी लंडनजवळच्या क्यू उद्यानातील फोरमन यांनी १९८१ मध्ये केली. एका वेलीचे नाव पक्के होण्यास इतका काळ जावा लागतो.

आपल्या भागाचीही अशी नोंद झाली आहे. कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते. पुढे १९८८ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, म्हणजे त्या वेळी शिरपूर अकोला जिल्ह्यातच होते. असा ग्रंथ, आणि संस्थेच्या पुण्यातील केंद्रात वाळवून जपलेले नमुने, हाच ओळखीचा खरा पुरावा असतो. शंका आली की नवा नमुना जुन्याशी ताडून पाहता येतो.

ही काळजी घेतली नाही तर काय होते, हे बेल्जियममध्ये दिसले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधील एका केंद्रात वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या दिल्या जात. त्यात 'स्टेफानिया टेट्रांड्रा' ही गुळवेलीच्याच कुळातील वेल असणे अपेक्षित होते. चिनी भाषेत तिच्या आणि दुसऱ्या एका वेलीच्या नावात 'फांग ची' हे शब्द समान आहेत. गोळ्यांत गेली ती दुसरी वेल, 'ॲरिस्टोलोकिया', म्हणजे आपल्याकडच्या सापसंदाची नातलग. तिच्यातील आम्लाने शंभरहून अधिक जणांची, त्यांत बहुतेक महिला, मूत्रपिंडे खराब झाली. अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. मूळ चूक नावाच्या सारखेपणातून झालेली.

गुळवेल ओळखायची तर नुसत्या पानावर विसंबू नये. हृदयाकृती पाने समुद्रशोकालाही असतात आणि कडू कंदांच्या वेलींनाही. आयुष मंत्रालयाने खरी गुळवेल आणि क्रिस्पा यांतील फरक असे सांगितले आहेत : गुळवेलीचे खोड हिरवट असते आणि त्यावर गाठी नसतात, क्रिस्पाचे खोड करडे असून त्यावर चामखिळीसारखे भरपूर उंचवटे असतात. गुळवेल कापल्यावर दुधासारखा स्राव येत नाही, क्रिस्पातून येतो. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या फुलाला तीन. गुळवेलीचे लाल फळ गोल, क्रिस्पाचे लांबट. आणखी एक खूण जुन्या निघंटूंनी टिपली आहे. खोड आडवे कापले की आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, म्हणून 'चक्रलक्षणिका' हे नाव. मात्र तशी रचना जवळच्या नातलग वेलींतही दिसते. एका खुणेवर निकाल देऊ नये, तो यासाठी.

या सगळ्या खुणा वेल ताजी असेपर्यंतच. चूर्ण, गोळी किंवा सत्त्व झाले, की डोळ्यांना काही कळत नाही. चूर्णाची ओळख डीएनएचा ठरावीक छोटा भाग वाचून पटवता येते. अर्क किंवा सत्त्व असेल तर रासायनिक तपासणी करावी लागते. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधसंहितेत गुळवेल म्हणून 'कॉर्डिफोलिया'चे खोडच नमूद आहे. डब्यावर हे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग लिहिलेला आहे का, हे ग्राहकाने निदान पाहावे.

पण अचूक ओळख म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. अनेकांच्या तपासणीत स्वप्रतिकार आजारासारखी लक्षणे होती, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. काहींना यकृताचा जुना आजार होता. मंत्रालयाने मात्र गुळवेल सुरक्षित असल्याची भूमिका कायम ठेवली. वाद मिटलेला नाही, पण सामान्य माणसाने काय करावे हे त्यावर अडून राहत नाही.

यकृताचा आजार, थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार, संधिवात किंवा तत्सम तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. इतरांनीही महिनोन्महिने रोज काढा घेण्याची सवय लावू नये. भूक जाणे, मळमळ, गडद लघवी, पिवळे डोळे, अंगाला खाज यांपैकी काही जाणवले, तर काढा लगेच थांबवून रक्ततपासणी करून घ्यावी. आणि दवाखान्यात जाताना उरलेली वेल किंवा डबा सोबत न्यावा. काय घेतले होते, याचे नेमके उत्तर त्या तुकड्यातच असते.