म्हशाच्या बाजारातली गोचीड

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत सगळे बैलांचे दात बघतात. मला खोड कानामागे बघायची. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारख्या टम्म झालेल्या गोचिडी तिथे हमखास सापडतात. आजोबा त्या चिमटीत धरून उपटायचे आणि निखाऱ्यावर टाकायचे. चट्ट आवाज यायचा.

मुरबाड-शहापुरात पावसाळा सरता सरता ताप आला की डेंग्यूच्या धास्तीने पहिला प्रश्न असतो, 'प्लेटलेट किती?' त्याबद्दल नव्याने काय सांगायचं! पण 2016च्या जानेवारीत तळकोकणात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाच्या रानात माकडं मरून पडू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली, आणि मी आजोबांच्या निखाऱ्याकडे परत आलो. त्या तापात अंग ठणकतं, काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येतं. लोक त्याला माकडताप म्हणतात. नाव साफ चुकलंय, तो पसरवते गोचीड. माकड बिचारं आपल्याआधी मरतं, एवढाच त्याचा गुन्हा.

या तापाचा विषाणू पहिल्यांदा सापडला 1957 मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे (आजच्या एनआयव्हीचे) टेलफर्ड वर्क तिथे गेले, ते पोटात गोळा घेऊनच. माकडं मरतात म्हणजे पीतज्वर आशियात शिरला की काय? निघाला भलताच विषाणू, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराचा भाऊबंद. मग सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर संशय घेऊन झाला. तो भाग सोडून देऊ.

मला रस आहे तो जॉर्ज बोशेल या कोलंबियन डॉक्टरात. पुण्याला येण्याआधी आपल्या देशात त्याने एक गोष्ट टिपली होती. लाकूडतोडे झाड पाडतात तेव्हा शेंड्यावरचे निळे डास झाडाबरोबर खाली येतात आणि त्यांनाच चावतात. रानातला पीतज्वर माणसाला गाठतो तो असा. क्यासनूरचा ताप डासांचा नव्हता, पण बोशेलची नजर तीच होती. रान तोडून शेती झाली, कडेला झुडपं माजली, गुरं आत चरायला जाऊ लागली. गुरांना हा ताप येत नाही, त्यांच्या रक्तात विषाणू फारसा वाढतही नाही. पण मोठी गोचीड त्यांच्यावर पोसते, गळून पडते आणि हजारोंनी अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं उंदीर, चिचुंद्र्या, माकडं यांच्या अंगावर चढतात आणि त्यांच्याकडून विषाणू घेतात. डिसेंबरपासून मेपर्यंत तिळाएवढं पिल्लू पाचोळ्यात दबा धरून बसतं. नेमक्या त्याच दिवसांत तळकोकणात काजू वेचायला माणसं वाकलेली असतात. 1969 मध्ये बोशेलने क्यासनूरचं हे चक्र एका निबंधात लिहून ठेवलं. माकडाच्या नावाने चाललेली बोंब ऐकताना मला तो निबंध हटकून आठवतो.

म्हशाला यंदा एका गाडीवाल्याने मला हटकलं, "भाऊ, बैल घ्यायचाय का कान?" मी हसलो. घरी येऊन मात्र पँटचे पाय उलटे करून, शिवणीतून नख फिरवत, दिव्याखाली बराच वेळ बसलो.